‘आम्ही’ म्हणण्याचा हक्क

काही शब्द दिसायला अगदी साधे असतात, पण ते उच्चारण्यापूर्वी माणसाने स्वतःची पात्रता तपासून घ्यावी. ‘आम्ही’ हा असाच एक शब्द. ‘मी’ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. ‘आम्ही’ म्हणताना मात्र आपण दुसऱ्याच्या वतीने बोलत असतो. त्याच्या नावाने शब्द देतो, त्याच्या कष्टाचे श्रेय वाटून घेतो आणि प्रसंगी त्याच्या चुकाही पोटात घालतो. कुटुंब, मोहल्ला, गाव ही ‘आम्ही’ची रूपे आपल्याला जन्मानेच मिळतात. दुकानातली भागीदारी, नाटक मंडळी, कव्वालीची पार्टी, वाद्यवृंद ही मात्र माणसांनी आपल्या हातांनी घडवलेली रूपे आहेत. जन्माने मिळालेले ‘आम्ही’ एखाद्याच्या जाण्याने संपत नाही. घरातला कर्ता माणूस गेला तरी घर घरच राहते. पण घडवलेल्या ‘आम्ही’चे काय? चौघांनी मिळून उभा केलेला फड आहे आणि त्यातला एक अचानक गेला, तर उरलेल्या तिघांना तेच नाव लावून पुढे ‘आम्ही’ म्हणण्याचा हक्क राहतो का?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकी वाटत नाही. विसाव्या शतकात तो एका अशा क्षेत्रात उभा राहिला, जिथे नैतिक प्रश्नांची चर्चा व्हावी अशी कुणाची अपेक्षा नसते. ते क्षेत्र म्हणजे रॉक संगीत. कर्कश गिटार, लांब केस, नशा आणि बेफाम तरुणाई एवढेच चित्र आपल्यापैकी अनेकांच्या मनात या संगीताविषयी असते. ते अगदीच खोटे आहे असे नाही. पण जिथे माणसे एकत्र येऊन काही उभे करतात आणि पुढे ते मोडते, तिथे माणुसकीची कसोटी लागतेच. म्हणून ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश बँडचा उदय आणि अस्त या प्रश्नाच्या निमित्ताने तपासून पाहणे आम्हाला उपयोगाचे वाटते. हा बँड १९६८ साली जन्मला आणि १९८० साली संपला. म्हणजे उणीपुरी बारा वर्षे.

गंमत अशी की या बँडच्या जन्मातच नावाच्या हक्काचा वाद होता. जिमी पेज हा लंडनचा गिटारवादक १९६६ साली ‘यार्डबर्ड्स’ नावाच्या बँडमध्ये गेला. १९६८ च्या जुलैमध्ये तो बँड फुटला, पण स्कँडिनेव्हियातले काही कार्यक्रम आधीच ठरलेले होते. पेजने ते पार पाडायचे ठरवले आणि नवे साथीदार शोधले. जॉन पॉल जोन्स हा लंडनच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत नाव कमावलेला वादक. रॉबर्ट प्लांट हा इंग्लंडच्या मध्य भागातला, वयाची विशीही न गाठलेला गायक. प्लांटने आपला जुना दोस्त जॉन बॉनम याचे नाव सुचवले. बॉनम ड्रम वाजवायचा. त्याचे वडील बांधकामाच्या व्यवसायात होते आणि शाळा सोडल्यावर त्याने त्यांच्या हाताखाली सुतारकाम केले होते. त्या वेळी त्याला दुसरीकडे बरा पगार मिळत होता, घरी बायको आणि लहान मूल होते. त्यामुळे तो सहजासहजी यायला तयार नव्हता. त्याचे मन वळवण्यासाठी तारांवर तारा पाठवाव्या लागल्या.

७ सप्टेंबर १९६८ रोजी डेन्मार्कमधल्या ग्लॅडसॅक्से इथे या चौघांचा पहिला कार्यक्रम झाला, तो ‘न्यू यार्डबर्ड्स’ या नावाने. पण जुन्या बँडमधल्या एका सदस्याने नावाला हरकत घेतली आणि नवे नाव शोधावे लागले. ‘लेड झेपेलिन’ म्हणजे शिशाचे हवाई जहाज. हा बँड शिशाच्या फुग्यासारखा धाडकन खाली येईल, अशी थट्टा ‘द हू’ या दुसऱ्या नामवंत बँडच्या ड्रमवादकाने, कीथ मूनने, केली होती आणि तिच्यातूनच हे नाव आले असे सांगतात. हा कीथ मून आणि त्याचा बँड पुढे आपल्या विषयात पुन्हा येणार आहेत, म्हणून त्यांचे नाव ध्यानात ठेवावे.

शिशाचे जहाज खाली आले नाही. पहिला अल्बम लंडनमध्ये सुमारे ३६ तासांच्या कामात ध्वनिमुद्रित झाला. अमेरिकेतली ‘अटलांटिक रेकॉर्ड्स’ ही कंपनी त्यांच्या मागे उभी राहिली. तिचे संस्थापक अहमद एर्तेगुन इस्तंबूलमध्ये जन्मलेले, वॉशिंग्टनमधल्या तुर्की राजदूताचे चिरंजीव होते. १९६८ च्या डिसेंबरमध्ये बँड अमेरिकेत गेला आणि मग चाके थांबलीच नाहीत. १९६९ या एका वर्षात त्यांनी अमेरिकेचे चार आणि ब्रिटनचे चार दौरे केले. दुसरा अल्बम तर त्यांनी वाटेवरच तयार केला. एका शहरात कार्यक्रम, दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत काही तास काम, पुन्हा पुढचा मुक्काम. तो अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये बाजारात आला.

या यशामागे नशीब होते तसा घामही होता, हे मान्य करायला हवे. ब्रिटनमध्ये त्यांनी आपल्या गाण्यांच्या सुट्या तबकड्या काढू दिल्या नाहीत, दूरचित्रवाणीवरही ते फारसे गेले नाहीत. ज्याला ऐकायचे आहे त्याने पूर्ण अल्बम घ्यावा किंवा समोर येऊन बसावे, असा त्यांचा खाक्या होता. पीटर ग्रँट हा त्यांचा धिप्पाड व्यवस्थापक एकेकाळी कुस्तीच्या आखाड्यात उतरलेला माणूस. कार्यक्रम भरवणाऱ्या ठेकेदारांकडून त्याने तिकिटांच्या उत्पन्नातला ९० टक्के वाटा कलावंतांसाठी मागायला सुरुवात केली. तोवर मोठा हिस्सा ठेकेदारांच्या खिशात जात असे. कष्ट करणाऱ्याला त्याच्या कष्टाचे दाम मिळाले पाहिजे, हे तत्त्व म्हणून कुणालाही पटेल. ५ मे १९७३ रोजी फ्लॉरिडातल्या टॅम्पा इथे त्यांना ऐकायला ५६,८०० लोक जमले आणि १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सनी केलेला गर्दीचा विक्रम मोडला.

या बारा वर्षांत चौघांपैकी एकही बदलला नाही. रॉक संगीताच्या जगात ही साधी गोष्ट नाही. तिथे वादक कपडे बदलावेत तसे बदलले जातात. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा चौथा अल्बम आला. त्याच्या वेष्टनावर बँडचे नावही नव्हते. आत चौघांची चार चिन्हे होती, प्रत्येकाने आपापले निवडलेले. बॉनमचे चिन्ह होते एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे. नाव पुसले तरी चौघे उरतात आणि चौघे मिळून एकच काही होते, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. ‘आम्ही’ या शब्दाची यापेक्षा स्वच्छ व्याख्या सापडणे कठीण.

पण प्रत्येक ‘आम्ही’च्या कडेला अशी काही माणसे असतात, ज्यांची नावे त्या शब्दात मावत नाहीत. याचे एक उदाहरण थेट आपल्या मुंबईतले आहे. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते अधिकृतपणे लोकांपुढे यायला २०१५ साल उजाडावे लागले. त्या अल्बमवर गाण्यांच्या शीर्षकापुढे आपल्या वादकांची ओळख आहे ती ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढीच. सामूहिक नाव माणसाला मोठे करते तसे झाकूनही टाकते. मुंबईच्या सिनेसंगीतात आयुष्य घालवलेल्या कितीतरी वादकांच्या वाट्याला हेच आले आहे. तेव्हा ‘आम्ही’मध्ये कोण आहे याबरोबरच, त्या ‘आम्ही’ने कुणाला झाकले आहे, हेही विचारले पाहिजे.

झाकण्याचा दुसरा एक प्रकार अधिक सूक्ष्म आहे. तिथे माणूस सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो, प्रकाशझोतात असतो, आणि तरीही दिसत नाही. लेड झेपेलिनच्या कार्यक्रमात एक वेळ अशी येई की बॉनम एकट्याने ड्रम वाजवायला लागे. कधी वीस मिनिटे, कधी त्याहूनही जास्त. मध्येच काठ्या बाजूला टाकून तो नुसत्या हातांनी वाजवी. त्या वेळात बाकीचे तिघे मंचावरून निघून जात आणि शेवटी परत येत. कार्यक्रमाची ती रीतच होती, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण पुढे जे घडले ते माहीत असल्यावर ते दृश्य निराळेच दिसू लागते. हजारो लोक टाळ्या वाजवत आहेत, मधोमध एक माणूस घामाघूम होऊन वाजवतो आहे आणि साथीदार पडद्याआड आहेत.

बॉनमला घरापासून दूर राहणे सोसत नसे. विमानप्रवासाची त्याला धास्ती होती. दौऱ्यावर तो पीत असे आणि प्याला की तो निराळाच माणूस होई. त्याला जवळून ओळखणाऱ्यांनी हे वारंवार सांगितले आहे. घरी हा माणूस मायाळू बाप, आपल्या शेतावर रमणारा. दौरा सुरू झाला की तो दुसराच कुणी. आता दौरा थांबवणे कुणाच्या हातात होते? चौघांच्या? व्यवस्थापकाच्या? १९७३ पासून त्यांच्या दिमतीला आतून घरासारखे सजवलेले बोइंग विमान भाड्याने घेतलेले असे. अंगरक्षक, तंत्रज्ञ, हमाल, वाहनचालक, हिशेबनीस, ठेकेदार असा मोठा लवाजमा त्या चौघांवर पोसला जात होता. जो तो आपले काम चोख करत होता. एखाद्याला ‘आता पुरे, घरी जा’ असे सांगणे हे मात्र कुणाचेच काम नव्हते. यंत्र मोठे झाले की असे होते. प्रत्येकाला जबाबदारीचा एक तुकडा मिळतो आणि अख्खी जबाबदारी कुणाकडेच उरत नाही.

यंत्र मोठे झाले की आणखी एक विकृती येते. ‘आम्ही’ची टोळी होते. २३ जुलै १९७७ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथे व्यवस्थापकाच्या लहान मुलावरून मंचामागे काही बाचाबाची झाली. त्यावरून कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहम यांच्या एका कर्मचाऱ्याला बेदम मारहाण झाली. आरोपींत ग्रँट, बॉनम आणि त्यांचे दोन सहकारी होते. पुढे न्यायालयात चौघांनीही आरोपांना आव्हान दिले नाही आणि त्यांना निलंबित शिक्षा झाली. मारहाणीनंतरच्या दिवशी कार्यक्रम मात्र ठरल्याप्रमाणे झाला. आपल्या माणसाची पाठराखण करणे आणि आपल्या माणसाच्या अन्यायाची पाठराखण करणे यांतला फरक ज्या समूहाला कळत नाही, त्याची एकी ही एकी नसून मस्ती असते. जो समूह आपल्या माणसाला दुसऱ्यावर हात उचलताना आवरत नाही, तो त्याच माणसाला स्वतःचा नाश करताना कसा आवरणार? या दोन गोष्टी आम्हाला वेगळ्या वाटत नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. आपला माणूस करील ते चालवून घ्यायचे आणि गाडी चालू ठेवायची.

त्यानंतर तीनच दिवसांनी, २६ जुलैला, प्लांटला घरून फोन आला. त्याचा पाच वर्षांचा मुलगा विषाणूच्या संसर्गाने अचानक दगावला होता. उरलेला दौरा रद्द झाला. प्लांटबरोबर इंग्लंडला परत गेला तो बॉनम. त्या काळ्या दिवसांत बॉनम आणि त्याची पत्नी या दुःखी कुटुंबाजवळ राहिले, हे प्लांटने पुढे कृतज्ञतेने सांगितले आहे. बँडमधले सगळेच काही तिथे पोहोचले नाहीत, याची सल त्याच्या मनात राहिली. प्लांट गाणे सोडून शिक्षक होण्याच्या विचारात होता. त्याला समजावून पुन्हा साथीदारांत आणले तेही बॉनमनेच. १९७८ साली चौघे परत एकत्र बसले आणि १९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थ इथे दोन मोठे कार्यक्रम झाले.

इथे जरा थांबून विचार करायला हवा. ओकलंडमध्ये ज्याचा हात दुसऱ्यावर उठला, त्याच माणसाने तीन दिवसांनी दोस्ताचे दुःख स्वतःच्या खांद्यावर घेतले. माणूस असा असतो. त्याला एका फटक्यात चांगला किंवा वाईट ठरवणाऱ्यांना माणूस कळलेला नसतो. शिवाय या चौघांत साथीदाराचे कर्तव्य म्हणजे काय हे कृतीने दाखवले ते बॉनमने. पडलेल्या दोस्तासाठी काम बाजूला ठेवायचे, त्याच्याजवळ जाऊन बसायचे आणि तो उभा राहीपर्यंत वाट पाहायची. ही त्याने घालून दिलेली रीत त्याच्या बाबतीत पाळली गेली का?

१९८० च्या जूनमध्ये युरोपचा एक छोटा दौरा निघाला. २७ जूनला जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग इथे तिसरे गाणे संपताच बॉनम मंचावरच कोसळला. कार्यक्रम तिथेच थांबला. जास्त खाणे झाले असे कारण सांगितले गेले, लोकांनी दारूकडे बोट दाखवले. कारण काहीही असो, सूचना स्पष्ट होती. तीस पार केलेला एक दणकट माणूस काम करता करता खाली पडला होता. २९ जूनला झुरिकमध्ये पुढचा कार्यक्रम झाला. मधे फक्त एक दिवस. ७ जुलैला बर्लिनमध्ये दौरा संपला आणि ऑक्टोबरपासून उत्तर अमेरिकेचा नवा दौरा जाहीर झाला.

२४ सप्टेंबर १९८० रोजी त्या दौऱ्याच्या तालमीसाठी बॉनम घरून निघाला. सकाळीच वाटेत थांबून त्याने भरपूर व्होडका घेतली आणि दिवसभर, तालमीच्या वेळीही, तो पीत राहिला. ड्रम वाजवण्याचा आपल्याला कंटाळा आला आहे, असे तो त्या दिवशी गाडीत म्हणाल्याची आठवण प्लांटने पुढे सांगितली. रात्री सगळे विंडसरजवळच्या पेजच्या घरी गेले. तिथे बॉनम झोपी गेला, त्याला उचलून पलंगावर ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक उठवायला गेले तेव्हा तो मरण पावलेला होता. दिवसभरात त्याने व्होडकाची सुमारे चाळीस मापे घेतली होती आणि झोपेतच उलटीने गुदमरून त्याचा जीव गेला, असे चौकशीत निष्पन्न झाले. मृत्यू अपघाती ठरला. वय अवघे ३२ वर्षे.

४ डिसेंबर १९८० रोजी बँडने एक छोटे निवेदन काढले. प्रिय दोस्त गेल्यावर आणि त्याच्या कुटुंबाविषयीच्या आदरापोटी आपण पूर्वीसारखे पुढे जाऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. खाली सही कुणा एकाची नव्हती, फक्त बँडचे नाव होते. जगातल्या सर्वात यशस्वी बँडपैकी एकाने आपले दुकान स्वतःच्या हाताने बंद केले. ठरलेला दौरा, हमखास मिळणारा पैसा, वाट पाहणारे लाखो चाहते हे सगळे त्यांनी सोडले. दुसरा ड्रमवादक मिळाला नसता असे नाही. त्यांनी तो शोधलाच नाही.

या निर्णयाचे मोल कळायला ‘द हू’कडे पाहावे लागते. लेड झेपेलिनच्या नावामागची थट्टा करणारा कीथ मून ७ सप्टेंबर १९७८ रोजी वारला. दारू सुटावी म्हणून दिलेल्या औषधाच्याच गोळ्या त्याने प्रमाणाबाहेर घेतल्या होत्या. त्याचेही वय ३२ वर्षे होते. त्याच्या साथीदारांनी केनी जोन्स हा नवा ड्रमवादक घेतला आणि ते पुढे गेले. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथे त्यांच्या कार्यक्रमाला आत शिरण्याच्या रेटारेटीत ११ जण चेंगरून मेले. दुसऱ्या दिवशी बफेलोमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. २००२ च्या जूनमध्ये त्यांचा आणखी एक जुना साथीदार, जॉन एन्टविसल, दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी गेला. काही दिवसांतच, १ जुलैला, दुसऱ्या वादकाला घेऊन दौरा सुरू झाला.

मग लेड झेपेलिन इमानदार आणि ‘द हू’ बेइमान असा निवाडा करायचा का? आम्हाला तसे करता येत नाही. पुढे जाणाऱ्यांचीही एक बाजू आहे. बँड म्हणजे मंचावर दिसणारे चारच जण नसतात, त्यांच्यामागे कितीतरी घरांच्या चुली पेटत असतात. गेलेल्याने ज्या कामासाठी आयुष्य वेचले ते काम चालू ठेवणे, हीही त्याची आठवण जपण्याची एक तऱ्हा आहे. शोक प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणी काम टाकून रडतो, कुणी काम करत रडतो. उलट बाजूने पाहिले तर थांबणाऱ्यांच्याही मनात थकवा होता. प्लांटला तर मुलाच्या मृत्यूपासूनच या आयुष्याचा वीट आला होता. त्यामुळे थांबण्यात त्याग किती आणि सुटका किती, याचे मोजमाप बाहेरून कुणी करू नये. नियत ज्याची त्याला ठाऊक.

म्हणून ‘थांबावे की पुढे जावे’ हा या कथेतला खरा प्रश्न आहे, असे आम्हाला वाटत नाही. खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. डिसेंबरमध्ये जो दौरा मेलेल्या साथीदारासाठी कायमचा थांबवता आला, तो जूनमध्ये जिवंत साथीदारासाठी महिनाभर का थांबवता आला नाही? सप्टेंबरमध्ये जे नाव त्याच्याशिवाय निरर्थक ठरले, ते जूनमध्ये त्याच्याहून मोठे का होते? मेलेल्या माणसासाठी सर्वस्व सोडणारे लोक जिवंत माणसासाठी एक तारीख सोडत नाहीत, हे कोडे लेड झेपेलिनपुरते नाही. ते आपल्या प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक संस्थेत आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. बॉनम काही लहान मूल नव्हता. आपल्या हाताने पेला उचलणाऱ्याची जबाबदारी दुसऱ्यांनी का घ्यावी? शिवाय व्यसनी माणूस कुणाचे ऐकतो का? ज्यांनी असा माणूस घरात सांभाळला आहे, त्यांना विचारावे. जीव तोडून केलेले प्रयत्नही वाया जातात. हे सगळे खरे आहे. त्याच्या साथीदारांनी दौरा थांबवला असता तर तो वाचलाच असता, असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. खाजगीत त्यांनी त्याला काय समजावले असेल, तेही आपण ऐकलेले नाही. तिघांना गुन्हेगार ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही आणि आमचा तसा हेतूही नाही. ‘दारू वाईट’ एवढे एक वाक्य म्हणून हात झटकण्याचाही नाही. दारू वाईटच. पण तेवढे म्हणून जो गप्प बसतो, तो दारूवर निकाल देऊन माणसाला विसरतो.

मात्र कर्तव्याची किंमत फळावरून ठरत नाही. शेजारच्या घराला आग लागली तर ती विझेल की नाही याचा हिशेब करून आपण बादली उचलत नाही. बॉनमला वाचवणे साथीदारांच्या हातात नसेल, पण वेळापत्रक त्यांच्या हातात होते. साथीदाराला जो भार पेलत नाही तो भार काही काळ तरी खाली ठेवणे, हे त्या चौघांच्या, त्यांच्या व्यवस्थापकाच्या आणि त्यांच्यावर पैसे लावणाऱ्यांच्या हातात होते. आपल्यासारख्या श्रोत्यांचाही त्यात वाटा आहे. तिकीट काढले की कार्यक्रम झालाच पाहिजे असे आपण मानतो. कलावंत मंचावर कोसळला तर हळहळतो आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख विचारतो.

मृताचा मान राखणे जिवंताचा मान राखण्यापेक्षा सोपे असते, हे कबूल करायला हवे. जनाज्याला खांदा द्यायला सगळी वस्ती धावते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच माणसाला जिवंतपणी चार पावले आधाराची लागत होती, तेव्हा किती जण होते? मेलेला माणूस काही मागत नाही, भांडत नाही, उशिरा येत नाही, शिव्या देत नाही, आपले नुकसान करत नाही. त्याच्यावर प्रेम करणे बिनखर्ची असते. जिवंत साथीदार मात्र अडचणीचा असतो. त्याच्यासाठी थांबायचे तर नुकसान सोसावे लागते, वर त्याचाच राग ओढवून घ्यावा लागतो. म्हणून साथीदार ही अमानत आहे असे आम्ही म्हणतो. अमानत सांभाळायची असते ती हातात असेपर्यंत. हरवल्यावर कितीही आसवे गाळली तरी ते सांभाळणे होत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. उरलेले तिघे १९८५ साली ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात दुसऱ्या ड्रमवादकांना घेऊन उभे राहिले. ते वादन फसले असे त्यांचे स्वतःचेच मत पडले. १९८८ साली अटलांटिक कंपनीच्या चाळिशीनिमित्त ते पुन्हा एकत्र आले आणि या वेळी ड्रमवर होता बॉनमचा मुलगा जेसन. अहमद एर्तेगुन २००६ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये पूर्ण कार्यक्रम झाला, तेव्हाही वडिलांच्या जागी जेसनच बसला होता. त्या एका रात्रीच्या तिकिटांसाठी सुमारे दोन कोटी लोकांनी मागणी नोंदवल्याचे सांगण्यात आले. जगभर दौरा काढला असता तर पैशांचा पाऊस पडला असता. प्लांट तयार झाला नाही. लोकांनी त्याला हट्टी म्हटले. एक रात्र आठवणीसाठी आणि बाकीचे आयुष्य स्वतःच्या नव्या कामासाठी, असा त्याचा हिशेब असावा. आम्हाला त्यात एक शहाणपण दिसते. ज्या वेळापत्रकाने एकदा दोस्त गिळला, त्याच वेळापत्रकात पुन्हा पाय ठेवायला तो राजी नव्हता.

तेव्हा ‘आम्ही’ म्हणण्याचा हक्क कुणाला, या सुरुवातीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. एकत्र मिळवलेले यश हा हक्क देत नाही, सारखे नाव देत नाही, मरणोत्तर केलेला त्यागही तो पूर्णपणे देत नाही. समूहातला सर्वात थकलेला माणूस ‘मला आता झेपत नाही’ असे म्हणू शकतो का, आणि त्याने तोंडाने म्हटले नाही तरी इतरांना ते ऐकू येते का, यावर तो हक्क ठरतो. जिथे ते ऐकू येते तिथे दोघेच असले तरी ‘आम्ही’ आहे. जिथे ऐकू येत नाही तिथे छपन्न हजारांच्या टाळ्या असल्या तरी प्रत्येक जण एकटा आहे.

आपणही रोज हा शब्द वापरतो. आमचे घर, आमची संस्था, आमचे मंडळ, आमची बिरादरी. त्यातला कोण कधीपासून एकटाच वाजवतो आहे, आणि आपण पडद्याआड उभे राहून त्याचे वादन संपण्याची वाट पाहतो आहोत का, एवढे अधूनमधून पाहत जावे. त्यासाठी कुणाच्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.